पोरका मजकूर: जुनं वक्तृत्वशास्त्र आणि हातातला मोबाइल

बी_विंग (धागाकर्ती)

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी आहे. ६४ घरं, इमारत १९८६ सालची. दोन वर्षं मी सेक्रेटरी आहे. मुंबईत इमारतीला ३० वर्षं झाली की महापालिका कायद्याच्या ३५३ब कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करावी लागते. आम्ही ते उशिरा का होईना, करून घेतलं. अहवालाचा सारांश असा: बी विंगचे काही कॉलम खराब झालेत, गच्चीच्या स्लॅबमधून पाणी झिरपतं, पण इमारत रिकामी करावी अशी अवस्था नाही. मोठी दुरुस्ती की रिडेव्हलपमेंट, हे सभासदांनी ठरवायचं.

मी रात्री दोन तास बसून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश लिहिला. साडेचारशे शब्द. कलमं, दोन्ही पर्यायांचा खर्च, कन्सल्टंटची मतं, सगळं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका सभासदांनी ४० सेकंदांची ऑडिओ क्लिप टाकली. "शेजारच्या बिल्डिंगचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. सह्या करण्याआधी विचार करा." एवढंच. संध्याकाळी सातला माझ्या दारात अकरा माणसं उभी होती. एकानेही माझा संदेश शेवटपर्यंत वाचला नव्हता. आणि सह्या तर कुणी मागितल्याच नव्हत्या.

कॉलेजात मी चार वर्षं वक्तृत्व स्पर्धांमध्ये भाग घेतला. आमच्या सरांनी त्या वेळी अ‍ॅरिस्टॉटलची मांडणी फळ्यावर लिहून शिकवली होती. ईथॉस म्हणजे बोलणाऱ्यावरचा विश्वास, पेथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था, लोगॉस म्हणजे युक्तिवाद. ती वही त्या रात्री पुन्हा काढली. माझ्याकडे फक्त लोगॉस होता, त्या क्लिपमध्ये पेथॉस होता, असं पहिल्यांदा वाटलं आणि तिथेच थांबले असते. पण वहीत पुढच्या पानावर भाषणाचे तीन प्रकार होते. न्यायसभेतलं भाषण भूतकाळाबद्दल असतं: हे घडलं का, दोष कुणाचा. लोकांच्या सभेतलं भविष्याबद्दल: काय करावं, काय टाळावं. आणि समारंभातलं वर्तमानाबद्दल: कुणाची स्तुती, कुणाची निंदा. हे वाचताना मला आमच्या ग्रुपवर काय झालं ते कळलं. माझा प्रश्न भविष्याचा होता. चार तासांत तो भूतकाळाचा झाला (मागच्या कमिटीने सिंकिंग फंडाचं, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशाचं, काय केलं), आणि रात्रीपर्यंत निंदेचा. विषय तोच होता, माणसं तीच होती. सभा मात्र बदलली आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रत्यक्ष बैठकीत अध्यक्ष म्हणतात, "तो विषय अजेंड्यावर नाही." ग्रुपवर अजेंडा नसतो.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लिखाणाबद्दल तक्रार करतो. एकदा लिहिलं की तो मजकूर सगळीकडे गडगडत जातो, ज्याला समजतं त्याच्याकडे आणि ज्याचा काही संबंध नाही त्याच्याकडेही. कुणाशी बोलावं, कुणापुढे गप्प राहावं, हे त्याला कळत नाही. कुणी त्याच्यावर अन्याय केला तर त्याला मदतीला बाप लागतो, कारण स्वतःचा बचाव त्याला स्वतः करता येत नाही. माझ्या संदेशातला फक्त खर्चाचा परिच्छेद कुणीतरी कापला आणि पुढे पाठवला. तिसऱ्या दिवशी मला एका ब्रोकरचा फोन आला, "मॅडम, तुमची बिल्डिंग पडायला आलीय म्हणे."

जुनं वक्तृत्वशास्त्र वक्ता, श्रोते आणि प्रसंग एकाच जागी आहेत असं धरून चालतं. मोबाइलने हे तिन्ही वेगळे केले. मग ते शास्त्र आता फक्त स्पर्धेपुरतं उरलं का? की त्यातलं आपण विसरलेलं काही आज परत काढायला हवं? मला खरोखर उत्तर हवं आहे, कारण पुढच्या रविवारी सभा आहे.

ठाकूरद्वार

विसरलेलं आहे, आणि कधी विसरलं तेही सांगता येतं.

रोमन वक्ता सिसेरो याच्या काळापासून वक्तृत्वाची पाच अंगं मानतात: काय बोलायचं ते शोधणं, त्याची मांडणी, शैली, स्मरण आणि सादरीकरण. शेवटची दोन छापखान्याच्या युगात मागे पडली. १६व्या शतकात पॅरिसमध्ये पेत्रुस रामुस या फ्रेंच विचारवंताने शोध आणि मांडणी तर्कशास्त्राकडे दिली, स्मरण वगळलंच, आणि वक्तृत्वाकडे शैली आणि सादरीकरण ठेवलं. पुढे छापील निबंध हाच शिक्षणाचा कणा झाला आणि सादरीकरणही उरलं फक्त स्पर्धेच्या व्यासपीठावर. आपल्या शाळेत 'निबंध लिहा' शिकवलं, 'हे कुणापर्यंत, कसं, किती वाजता पोचेल' हे कुणी शिकवलं नाही.

डेमॉस्थेनिस या ग्रीक वक्त्याला विचारलं, वक्तृत्वात पहिलं काय? तो म्हणाला, सादरीकरण. दुसरं? सादरीकरण. तिसरं? तेच. ही गोष्ट सिसेरोने सांगितली आहे. तुमच्या सभासदांनी नेमकं तेच केलं. स्वतःचा आवाज दिला, आवाजात काळजी होती, आणि दुपारी तीनला दिला, जेव्हा ज्येष्ठ मंडळी घरी असतात आणि जेवणानंतर मोबाइल हातात असतो. तुमचा साडेचारशे शब्दांचा मजकूर रात्री बाराला आला. सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून तो कोण वाचणार?

स्मरणाचंही तसंच. रोमन वक्ते मनात एक घर कल्पून प्रत्येक खोलीत एकेक मुद्दा ठेवत आणि बोलताना त्या घरातून फिरत. आज स्मरण वक्त्याकडे नाही, यंत्राकडे आहे. स्क्रीनशॉट, सर्च, वर पिन केलेला संदेश. २०१९ मध्ये तुम्ही सहज लिहिलेली ओळ आज कुणीही काढून दाखवू शकतो. म्हणजे 'काय लक्षात राहावं' हे ठरवणं आता बोलणाऱ्याचं काम आहे. ऑडिट अहवाल पिन केलाय का?

बी_विंग

नाही केला. पिन केलेला आहे तो गणपतीच्या वर्गणीचा संदेश. आत्ता बदलते.

टाळकरी

माझे आजोबा नारदीय परंपरेतले कीर्तनकार होते, डोंबिवली ते गिरगाव देवळादेवळांतून कीर्तनं करायचे. मी त्यांच्या मागे झांजा घेऊन उभा राहिलो आहे. त्यामुळे ग्रीसबद्दल मला बोलता येणार नाही, कीर्तनाबद्दल येईल.

पूर्वरंगात नमन होतं, मग अभंग घेऊन निरूपण. मध्ये नामगजर, बुक्का लावणं. मग उत्तररंगात आख्यान. तो मधला थांबा लोकांना विश्रांती वाटते. आजोबा म्हणायचे, ती माझी तपासणी आहे. बुक्का लावायला माणसं उठली की कोण डुलकी काढतंय, कोणाच्या डोळ्यांत पाणी आहे, कोण उठून निघालंय हे त्यांना दिसायचं, आणि त्यावर आख्यान किती लांबवायचं ते ठरायचं. एकदा पावसात देवळात जेमतेम वीस माणसं होती. त्यांनी अर्ध्यावर निरूपण सोडलं आणि थेट कथा घेतली.

लॉकडाऊनमध्ये एका नातेवाइकांनी फेसबुकवर कीर्तन केलं. उत्तम गायले. पण समोर कॅमेऱ्याचा डोळा. दर पाच मिनिटांनी पडद्यावर हात जोडलेले दिसायचे, हृदयं तरंगायची, आणि त्यावरून श्रोता कुठे पोचलाय ते कळायला मार्ग नव्हता. उत्तररंग त्यांनी ठरल्याप्रमाणे चाळीस मिनिटं केला. लोक वीस मिनिटांनी गेले होते.

ताई, तुमच्या संदेशात मध्ये थांबायला जागा नव्हती. सगळं एका दमात दिलंत. दोन ओळी टाका, थांबा, कोण काय विचारतंय ते बघा, मग पुढचं. कीर्तनाची घडण ग्रुपवर चालते, फक्त बुक्का लावायला वेळ द्या.

पूर्वपक्ष

वर सगळे ग्रीस-रोममध्ये आहेत, म्हणून आपल्याकडचं थोडं.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्यांनी चर्चा कशी करावी याचं अतिशय व्यवहारी विवेचन आहे. चर्चा दोन प्रकारची. संधाय संभाषा म्हणजे मिळून, शिकण्यासाठी केलेली. विगृह्य संभाषा म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. त्याआधी एक काम सांगितलंय: परिषद ओळखा. जाणत्यांची परिषद आणि अजाण परिषद, आणि या दोन्हींचे पुन्हा तीन प्रकार. सुहृद, म्हणजे आपल्याबद्दल आपुलकी असलेली. उदासीन, म्हणजे तटस्थ. प्रतिनिविष्ट, म्हणजे आधीच विरोधात बसलेली. आणि प्रतिनिविष्ट परिषदेबद्दल चरक स्पष्ट सांगतो की ती जाणती असो वा अजाण, तिथे कुणाशीही वाद घालू नये.

हे वाचून मी तीन ग्रुप सोडले आणि दोन ठिकाणी बोलायला लागलो. माझ्यापुरता हा या शास्त्राचा सर्वांत मोठा उपयोग.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, शब्द हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलंय, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. 'आप्तोपदेशः शब्दः.' न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आप्त म्हणजे कोण ते सांगतो: ज्याने ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे, असंही तो म्हणतो. मग मराठीत या शब्दाचं काय झालं? आप्त म्हणजे नातेवाईक. आप्तेष्ट. लग्नपत्रिकेतले.

आणि फॅमिली ग्रुपवर रोज नेमकी हीच गल्लत होते. मामीने पाठवलं म्हणून खरं. मामी मराठी अर्थाने आप्त आहे, न्यायाच्या अर्थाने नाही. तिने ते पाहिलेलं नाही, फक्त पुढे पाठवलंय. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की वक्त्यावरचा विश्वास त्याच्या बोलण्यातूनच उभा राहिला पाहिजे, आधीच्या लौकिकातून नव्हे. फॉरवर्डमध्ये तो विश्वास बोलण्यातून येतच नाही. तो पाठवणाऱ्याकडून उसना येतो, आणि पाठवणाऱ्याने तर तो मजकूर लिहिलेलाही नसतो.

शीवकर

पूर्वपक्ष यांच्या 'आप्त'ला माझे हजार दंडवत. यावर एक जड उदाहरण द्यायला हवं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश आणि व्हिडिओ महिनाभर मोबाइलवरून फिरत होते. त्या दिवशी बाजाराला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. भिक्षेकरी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने संदेशावर 'फॉरवर्डेड' हा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली.

वक्तृत्वशास्त्राच्या भाषेत तो शिक्का काय आहे? 'या मजकुराचा बाप इथे नाही' असं सांगणारी पाटी. मला ती फार महत्त्वाची वाटते, आणि फार अपुरीही. कारण आपल्याकडे ती पाटी उलटी वाचली जाते. दोन बाण दिसले की माणसं म्हणतात, बघा किती लोकांनी पाठवलंय.

ठाकूरद्वार

एक सांगतो, पण याने शीवकरांचा मुद्दा कमी होत नाही. अफवेला मोबाइल लागत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी लँडलाइनवरून देशभर पोचली. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरमध्ये धरण फुटलं, लाट येतेय अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. मोबाइलने वेग दिला आणि अंतर वाढवलं. माणसाचं मन तेच, म्हणून ते मन समजून घेणारं जुनं शास्त्रही लागू.

अंधेरी_ईस्ट

मी या मताचा नाही. मी ॲपमधला मराठी मजकूर लिहितो: बटणावर काय असावं, चूक झाली तर कुठला निरोप दिसावा. नऊ वर्षं हेच काम. माझ्या अनुभवात आजचा सर्वांत प्रभावी वक्ता माणूस नाहीच.

अ‍ॅरिस्टॉटलच्या वक्त्याकडे मांडणी असायची: आधी हे, मग ते. फेसबुकवर तुमची पोस्ट कुणाच्या पोस्टनंतर दिसेल हे तुम्ही ठरवत नाही. मृत्यूच्या बातमीखाली तुमचा विनोद येऊ शकतो. म्हणजे पाचातलं एक अंग तुमच्या हातून गेलं. आणि ॲप तर बोलतसुद्धा नाही, ते करायला लावतं. गेमचा अभ्यासक इयन बोगोस्ट याने २००७ मध्ये यालाच कार्यपद्धतीतून केलेलं वक्तृत्व म्हटलं. तो व्हिडिओ गेमबद्दल बोलत होता. नियमच युक्तिवाद करतात. 'हो' मोठं आणि हिरवं, 'नको' बारीक आणि राखाडी. यात शब्द कुठे आहेत? आणि तरी मन वळवलं गेलं.

ग्रीकांकडे कैरॉस हा शब्द आहे, म्हणजे बोलण्याची नेमकी वेळ. आपण तिला संधी म्हणू किंवा औचित्य. औचित्यावर तर ११व्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. आता पाहा, तिकीट काढताना किंवा खोली घेताना 'फक्त २ शिल्लक', शेजारी उलटं धावणारं घड्याळ. हा खोटा कैरॉस आहे. वेळ आलेली नसते, बनवलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचनांची यादी करून त्यांना मनाई केली, आणि यादीत पहिलीच आहे ती खोटी घाई. 'नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही' असं बटण ठेवून लाजवणं हेही त्यात आहे. मला असं बटण लिहायला सांगितलं गेलं होतं. मी नाही म्हटलं. ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलं.

म्हणून मला वाटतं, जुनं शास्त्र बोलणाऱ्याला शिकवतं. आज ऐकणाऱ्याला शिकवायची गरज आहे.

पूर्वपक्ष

पण तुम्ही जे उलगडलंत ते कैरॉस आणि औचित्य हे शब्द हाताशी होते म्हणूनच ना? 'घड्याळ खोटं आहे' असं म्हणण्याआधी खरी वेळ म्हणजे काय हे ठाऊक असावं लागतं. आणि ऐकणाऱ्याला शिकवणं आपल्याकडे आहेच. जल्प आणि वितंडा यांची ओळख न्यायशास्त्रात दिली आहे ती मुख्यतः त्या ओळखता याव्यात म्हणून. जल्प म्हणजे फक्त जिंकण्यासाठी घातलेला वाद. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडणं. कुठल्याही बातमीखालचे पहिले दहा प्रतिसाद वाचा.

अंधेरी_ईस्ट

हे मान्य. शब्द तिथूनच आले. यंत्राबद्दलचा मुद्दा सोडत नाही, पण.

वाचनमात्र

एरवी फक्त वाचते, आज लिहिते. त्या ४० सेकंदांच्या क्लिपबद्दल कुणी नीट बोललं नाही. "शेजारच्या बिल्डिंगचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय." काय झालं ते त्यांनी सांगितलंच नाही. ऐकणाऱ्याने स्वतः भरलं. ज्याने बिल्डर पळालेला पाहिला त्याने ते भरलं, ज्याने भाडं थकलेलं पाहिलं त्याने ते. अ‍ॅरिस्टॉटल याला एन्थिमीम म्हणतो, मधली पायरी ऐकणाऱ्यावर सोडलेला युक्तिवाद, आणि वक्तृत्वाचा गाभा तोच आहे असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे व्यंजना. न सांगितलेलं जास्त पोचतं, कारण ते आपणच आपल्याला सांगतो, आणि स्वतःशी कोण भांडणार?

मीमचंही हेच. चित्र अर्धं, ओळ अर्धी, उरलेलं आपलं. म्हणून मीम खोडून काढणं इतकं अवघड: खोडायला जावं तर आधी ते पूर्ण सांगावं लागतं, आणि पूर्ण सांगितलं की त्यातली जान जाते.

ताई, त्या सभासदांवर रागावू नका. त्यांची भीती खरी आहे. मी कांजूरला भाड्याच्या घरात सहावं वर्ष काढते आहे.

बी_विंग

वाचनमात्र, तुमची शेवटची ओळ वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

काल त्या सभासदांच्या घरी गेले. चहा झाला. त्यांच्या बहिणीचं घर रिडेव्हलपमेंटमध्ये अडकलं आहे. मी माझ्या संदेशात दोन्ही पर्यायांचे खर्च दिले होते, पण ही भीती कुठेही लिहिली नव्हती. ती माझ्या अजेंड्यावर नव्हती, त्यांच्या मनात पहिली होती. आमची सभा प्रतिनिविष्ट नाही. ती घाबरलेली आहे. चरकाच्या तीन प्रकारांत हा चौथा मला धरावा लागेल.

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावरून नवा संदेश केला आहे. पोरका होऊ नये म्हणून त्याच्या आतच त्याचा बाप, तारीख आणि हेतू ठेवलाय. आधी माझ्या आवाजात ४५ सेकंद, खाली हा मजकूर:

"मी आपली सेक्रेटरी बोलते आहे, फक्त या रविवारच्या सभेबद्दल. रविवारनंतर हा संदेश जुना झाला असं समजावं. सभा सकाळी १० वाजता, गच्चीवर. ठरवायचं एकच: दुरुस्ती आणि रिडेव्हलपमेंट, यांतल्या कुठल्या पर्यायाची आधी पूर्ण माहिती काढायची. सही कुणाचीही घेतली जाणार नाही. बाहेर राहावं लागलं तर भाड्याची हमी कोण देणार, हा पहिला प्रश्न मी स्वतः मांडणार आहे. ऑडिट अहवाल वर पिन केला आहे. शनिवारपर्यंत रोज ७ ते ९ मी सोसायटी ऑफिसात बसते, अहवाल समोर ठेवून समजावून सांगेन. पुढे पाठवायचा असेल तर कृपया पूर्ण पाठवा."

काही बदलू का?

टाळकरी

मजकुराला हात लावू नका. सभा गच्चीवर मात्र नको. गुडघे दुखणारी माणसं चढणार नाहीत, आणि नेमकी तीच दुपारी क्लिप ऐकणारी आहेत. शिवाय ज्या कॉलमबद्दल बोलायचं आहे ते खाली आहेत. तिथेच घ्या. बोलताना हाताने दाखवायला काहीतरी समोर हवं, आजोबा नेहमी मूर्तीच्या बाजूला उभे राहायचे.

ठाकूरद्वार

+१. आणि खुर्च्या अर्धगोलात लावा, रांगेत नको.

बी_विंग

बदललं. बी विंगचा जिना, कंपाउंडच्या बाजूला. साठ खुर्च्या सांगितल्यात. ऑडिओ पुन्हा करावा लागेल, त्यात 'गच्ची' म्हटलंय. आता करते, उद्या दुपारी तीनला टाकते.